तिसऱ्या खणातला कापूस

१

इंद्रभानच्या गुडघ्याला कोनमापक लावलेला असतानाच त्याची बायको गेल्याची खबर आली.

बुलढाण्याच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर तो पाय सोडून बसला होता आणि डॉ. मंजुश्री हिवराळे त्याचा उजवा पाय हळूहळू वाकवून पाहत होती. दोन वर्षांपूर्वी महामार्गावर एका टेम्पोनं त्याच्या मोटरसायकलीला उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, जुळलं, पण वाकडं जुळलं. अपघाताचा दावा मलकापुरात चालू होता आणि न्यायाधिकरणाला तिच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. पाय किती निकामी झाला, आणि माणूस किती निकामी झाला. या दोन गोष्टी एक नसतात. अंगठा गेला तर शिंप्याची रोजी जाते, भजन म्हणणाऱ्याची जात नाही. हा फरक मोजणं हेच मंजुश्रीचं काम होतं.

"इथं दुखतं?"

"नाही मॅडम. खालून दुखते. थंडीत."

खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यात फोन वाजला. घ्या, अशी तिनं मान हलवली.

"आग?" तो म्हणाला. आणि लगेच, "कोन्ती गंजी?"

पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मंजुश्रीलाही ऐकू येत होतं. "तिसरी! तिसरी गंजी जळून राह्यली भाऊ!"

इंद्रभानचा चेहरा उतरला तो त्या शब्दावर. त्याची बायको जनकाबाई त्या आगीत सापडली, बाहेर काढली, पण गेली, हे पलीकडच्यानं त्यानंतर सांगितलं.

इंद्रभान मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये राखणीला होता. तिथं सरकी काढण्याआधी कापूस उघड्या अंगणात डोंगरासारखा रचून ठेवतात, त्याला गंजी म्हणतात. जनकाबाईचा त्या जिनिंगशी काही संबंध नव्हता. ती चार घरची धुणीभांडी करायची.

म्हणूनच दवाखान्यातल्या नर्सनं पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता. "अवो, पन त्या तिथं कायले गेल्या होत्या?"

इंद्रभाननं तो विचारला नाही. फोनवर नाही, पायऱ्या उतरताना नाही, मंजुश्रीनं त्याला मलकापूरच्या गाडीत बसवून दिलं तेव्हाही नाही. घरी परत येताना मंजुश्रीच्या मनात तेवढंच घोळत राहिलं. बायको नसायला हवी तिथं मेली, आणि नवऱ्याला त्याचं नवल वाटलं नाही.

२

काही दिवसांनी एक धिप्पाड माणूस तिच्या दारात उभा राहिला.

"जय भीम, मॅडम. मी प्रसेनजित. जनकाचा भाऊ. वडनेर भोलजीहून आलो."

"जय भीम. बसा."

"बसाले नाही आलो," असं म्हणून तो बसला. गावात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, तांब्याच्या तारेनं बोटं चिरलेली होती. "एकच सांगा. त्या दिवशी इंद्रभान खरंच तुमच्या इथं होता?"

"त्याचा पाय माझ्या हातात होता."

"बरं." त्यानं श्वास सोडला. तो दिलाशाचा होता की निराशेचा, ते तिला कळलं नाही. "मंग त्यानं आग नाही लावली. पन जनकाले तिथं पाठवली त्यानंच. मालकानं पोलिसात काय देलं, मालूम हाय? बाई कापूस चोरे. तिच्या डब्यात कापूस सापडला, गंजीले भगदाड पडेल होतं, तिच्याच हातून काडी पडली अन् पेटली. माही बहीन, मॅडम! सडकेवर पडेल रुमाल उचलून घरोघर इचारत फिरे, हा कोनाचा म्हून."

"इंद्रभान काय म्हणतात?"

"तोच तं राग हाय! मुका झाला तो. म्या इचारलं, बे, ती तिथं काऊन गेली? खाली पाह्यते अन् म्हन्ते, मले नाही मालूम." प्रसेनजितनं टेबलाच्या कडेवर बोट दाबलं. "जनकाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. म्या त्याले सांगून आलो, जनका चोर नोहती हे चारचौघात सांग, पटवून सांग. नाही तं वडनेरहून एक मानूस येनार नाही. माहेरचं कोनी नसन तं कोनासमोर वंदना घेशीन?"

"मग?"

"रडला. पन बोलला नाही."

तो गेल्यावर मंजुश्रीनं टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाचं म्हणणं पुन्हा वाचलं. ते थोडक्यात असं होतं: अर्जदार अपघाताआधी जे काम करत होता तेच आजही करतो, सबब त्याचं नुकसान काही नाही. कागदावर त्यात चूक नव्हती. वाकड्या पायानं इंद्रभानची हमाली सुटली होती, पण गंज्यांची राखण तो पूर्वीपासून करत होता आणि आताही करत होता.

चोरीच्या तक्रारीशी मंजुश्रीचा संबंध नव्हता. पण माणूस काय करू शकतो आणि काय नाही, हे तिला लिहायचं होतं, आणि हा माणूस काहीतरी लपवत होता. तिनं अर्धी राहिलेली तपासणी पुरी करायला त्याला परत बोलावलं.

३

तो आला तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता.

पाय लवकर उरकला. मग मंजुश्रीनं अपघातानंतरचे दवाखान्याचे कागद काढले. त्यांत पायाबद्दल पानं भरली होती आणि डोक्याबद्दल एक ओळ होती: मागच्या बाजूला मार, काही वेळ बेशुद्ध.

"डोक्याचं काही? चक्कर, विसरणं?"

"डोकं बरोबर हाये."

"जेवणाची चव?"

"लागते," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला.

मंजुश्रीनं कपाटातून चार बाटल्या काढल्या. ही तपासणी क्वचितच कुणी करतं. पायाच्या दाव्यात तर कुणीच करत नाही.

"डोळे मिटा. वास कसला ते सांगा."

पहिलीत कॉफी होती. त्यानं ती हुंगली, जरा थांबला. "तेल. खोबऱ्याचं."

दुसरीत हिंग होता. नर्सनं दुरूनच नाक मुरडलं. तो म्हणाला, "साबन."

तिसरी त्यानं लांब श्वास घेऊन हुंगली, जाणकारासारखी मान डोलावली. "अत्तर हाये."

तिसरीत साधं पाणी होतं.

चौथी नाकाशी नेताच तो मागं सरकला, डोळ्यांत पाणी आलं. तो अमोनिया होता. अमोनिया झोंबतो, आणि झोंबणं वेगळ्या नसेनं कळतं, मिरची झोंबते तसं. त्यासाठी वासाची नस लागत नाही. वास येत नाही असं सोंग करणारे लोक नेमके इथं फसतात, अमोनियाही कळत नाही म्हणतात. इंद्रभानचं उलटं होतं. त्याला वास येत नव्हता आणि येतो असं सोंग तो करत होता.

नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं. त्यातून केसाहून बारीक तंतू वर मेंदूकडं जातात. डोकं आपटलं की मेंदू हलतो आणि ते तंतू तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. व्रण नाही, लंगडणं नाही. मंजुश्रीनं इतकी वर्षं नसलेलं दुखणं सांगणारी माणसं पाहिली होती. असलेलं दुखणं दडवणारा दावेदार ती पहिल्यांदा पाहत होती.

"इंद्रभान, तिसऱ्या बाटलीत पाणी होतं."

त्यानं डोळे उघडले. बाटली उजेडाकडं धरून पाहिली.

"हे लिहू नका, मॅडम."

"का?"

"पाय लिहा ना. पाय तुटेल हाये, सगळ्याइले दिसते." तो उठला, चपला घालताना त्याचा तोल गेला. "तिनं कोनाले सांगू देलं नोहतं," तो दारातून म्हणाला आणि निघून गेला.

४

राखणीचं काम नेमकं काय असतं ते पाहायला मंजुश्री मलकापूरला गेली. त्या जिनिंगच्या फाटकावर जानराव म्हणून म्हातारा चौकीदार होता. कानावर बिडी. मंजुश्रीची नजर तिथं गेलेली पाहून तो म्हणाला, "ही सडकेवर जाऊन ओढतो बाई. पोलिसाइनंबी तेच इचारलं. सारे माह्या कानाकडंच पाह्यतात."

आत चार गंज्यांच्या जागा होत्या. तीन पांढऱ्या उभ्या होत्या, तिसरीच्या जागी काळा चिखल होता.

"आग लागली कशी?"

"गावावरून गाडी भरून येते. त्यात कोनाचं जळतं थोटूक दबून येते. वरून काही दिसत नाही बाई, आतल्या आत धुमसते. एक दिवस, दोन दिवस. धूर दिसला म्हंजे कामच संपलं. म्हून तं राखनदार लागते. हे अशी लांब सळई, टोकाले आकडा. खुपसाची, आतला कापूस ओढाचा अन् हुंगाचा. इंद्रभानचं नाक म्हंजे! गुलाबराव सेठ म्हनत, माह्याजवळ कुत्रं नाही, इंद्रभान हाये."

"जनकाबाई यायच्या इथं?"

"रोज! सकाळी डबा, दुपारी डबा. खानं काय, तं भाकर अन् ठेचा. ठेचा बी असा का आपल्या कानातून धूर निंघावा. अन् डबा चार खनाचा! म्या म्हनो, वहिनी, बाकीच्या तीन खनात हवा भरून आनता का?" तो हसला आणि हसणं अर्ध्यातच राहिलं. "हासे बिचारी. इंद्रभान आधीचा रिकामा डबा वापस देये. ती त्या निंबाखाली उभी राहून एक-एक खन उघडे अन् पार तोंड घालून पाहे. नवऱ्यानं जेवलं का नाही, पाह्यत असन. लय जीव होता."

मंजुश्री निंबाकडं पाहत राहिली. "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर धावत आली. म्हने, आमच्या याइच्या हातात डबा देऊन येते, जाऊ द्या. म्या जाऊ देलं. मले काय मालूम इंद्रभान आत नाहीच! तो पहाटे फेरी मारून मागून निंघून गेलता, तुमच्याकडं."

मालक गुलाबराव कचेरीत बसले होते. चांगल्या घरचे, थकलेले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला.

"लोक म्हन्तात म्याच लावली, विम्यासाठी. अवो बाई, विमा बाकीच्या तिघीचा होता. हिचा कापूस आगीच्या दोनच दिवस आधी आलता, कागद व्हायचे होते. मी येवढा येडा नाही."

"इंद्रभाननं सुट्टी मागितली नव्हती?"

"नाही! मले तं तो दावा लावून बसला हे बी आता समजलं. हमाली होत नाही तरी म्या त्याले ठेवलंच ना? नाक शाबूत होतं म्हून ठेवलं."

"आणि नाक शाबूत नसतं तर?"

गुलाबरावांनी तिच्याकडं पाहिलं, तिला काय म्हणायचं ते न कळून. "मंग राखनीले काय ठेवू? पूजा करू का त्याची?"

म्हणजे माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं जे सांगितलं ते खरं होतं, आणि इंद्रभाननं दोन वर्षं त्याच खऱ्याला भिऊन काढली होती.

फाटकातून बाहेर पडताना जानराव मागून आला. त्याचा आवाज खाली होता. "एक गोष्ट मनातून जात नाही बाई. ती म्हने, डबा देऊन येते. अन् डबा तं इथंच, माह्या खुर्चीपाशी ठेवून पळाली आत."

५

इंद्रभानचं घर दोन खोल्यांचं. शेजारची रेणुका त्याच्यासाठी भाकरी घेऊन आली होती. मूठभर कापूस मुद्देमाल म्हणून कोण सांभाळणार. पोलिसांनी फोटो काढले होते आणि डबा बांगड्यांसोबत परत करून टाकला होता. तो फळीवर होता.

"घासाले मांगतला तं हात लावू देत नाहीत," रेणुका म्हणाली.

"पाहू?" मंजुश्रीनं विचारलं. इंद्रभान फळीपुढून बाजूला सरकला. तिनं डबा खाली घेतला, कडी काढली.

पहिल्या खणात कापसाचा बोळा. पांढरा. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्याचं झाकण उघडलं आणि रेणुकानं पदर नाकाला लावला.

"बाई वं!"

तो बोळा पिवळट, कडेला तपकिरी होता. एवढ्या दिवसांचा कोंडलेला जळका वास खोलीभर सुटला. इंद्रभान डब्यावर वाकून बघत होता, जवळून.

"कसला वास येतो?" तिनं हळू विचारलं.

तो तयारच होता. "कापसाचा," तो म्हणाला.

"अवो भाऊ!" रेणुका म्हणाली. "जळकट वास मारून राह्यला ना घरात!"

त्यानं रेणुकाच्या नाकावरच्या पदराकडं पाहिलं. मग खणातल्या बोळ्याकडं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

मंजुश्रीही जमिनीवर बसली. "गंज्या चार, डब्याचे खण चार," ती म्हणाली. "भाकरी-ठेच्याला चार खण लागत नाहीत. तुम्ही सळईनं प्रत्येक गंजीच्या पोटातला कापूस काढायचा, ज्या नंबरची गंजी त्या नंबरच्या खणात ठेवायचा आणि झाकण लावायचं. वास कोंडून राहतो. जनकाबाई निंबाखाली तो हुंगायच्या. सगळं ठीक असलं तर घरी जायच्या. नसलं तर?"

"तर वापस येऊन म्हने, मीठ द्याचं राह्यलं," इंद्रभान म्हणाला. "मंग मी बोंब मारो. दोनदा तसं झालं. दोन्ही वेळी सेठनं माह्या पाठीवर हात ठेवला. ते नाक तिचं होतं, मॅडम."

"लोकांना वाटलं चोरी. चोर एवढासा कापूस चार जागी वेगळा करून ठेवत नाही. आणि त्या दिवशी तुम्हाला माझ्याकडं यायचं होतं. मालकाला दाव्याचं कळलं तर आणखी काय निकामी झालं ते विचारतील, म्हणून सुट्टी नाही. अंधारात फेरी केली, म्हणून बोळ्याचा रंग दिसला नाही. त्या धुण्याला गेलेल्या होत्या, म्हणून डबा घरी ठेवून तुम्ही गाडी पकडलीत. रोज जो वास सकाळीच फाटकाशी कळायचा, तो त्या दिवशी दुपारी कळला."

"हाव."

"त्या धावत गेल्या. जानरावांना सांगितलं असतं तर पाण्याची नळी तिथंच होती."

"सांगतलं असतं तं लोकाइनं इचारलं असतं, तुले कसं समजलं? अन् राखनदाराले कसं नाही समजलं?" इंद्रभानचा आवाज सपाट होता. "ती मले वाचवाले गेली. माही नोकरी वाचवाले."

"त्यांनी हातानं गंजी उकरली. निखारा सापडेल आणि बाहेर टाकता येईल असं वाटलं असणार. पण कोंडलेल्या विस्तवाला फक्त हवा हवी असते. भगदाड पडलं, हवा गेली, आणि कापूस अंगावर आला."

रेणुका तोंडावर पदर धरून रडत होती. मंजुश्रीला थांबता आलं असतं. पण एक गोष्ट जुळत नव्हती, आणि न जुळणारी गोष्ट सोडून देणं तिला कधी जमलं नव्हतं. फोनवर त्यानं पहिलं विचारलं होतं, कोणती गंजी. तिसरी म्हटल्यावर तो पांढरा पडला होता. बायकोचं नाव येण्याआधी.

"जळत्या जागेच्या एवढ्या जवळून आलेली सळई थंड नसते," ती म्हणाली. "वास नाही, पण हात होता तुमचा."

इंद्रभाननं उजवा तळवा उघडून पाहिला.

"गरम होती," इंद्रभान म्हणाला. "थोडीच. मले वाटलं, माह्या हाताचीच ऊब असन. नाक गेल्यापासून मले माह्या कशावरच भरोसा नोहता, मॅडम. म्या म्हतलं, जनका पाह्यन ना. अन् गाडी चुकली असती. तुमची तारीख चुकली असती."

मंजुश्रीनं डब्याची झाकणं लावली. मग तिनं काय काय होईल ते त्याला नीट सांगितलं. हे लिहिलं तर नोकरी जाईल. मालक नुकसानीचा दावा करील, पोलीस निष्काळजीपणाचं कलम लावतील. विमा कंपनी म्हणेल, नाकाचं अर्जात कुठं होतं? अपंगत्वाच्या तक्त्यात पायाला टक्के आहेत, नाकाला रकाना नाही. न लिहिलं तर सगळं आहे तसं राहील.

"तिच्यावरची चोरी निंघन?"

"निघेल."

"मंग लिहा."

६

तिनं लिहिलं. उजवा पाय, कायमची कमतरता, इतके टक्के. वासाची जाणीव, पूर्ण नष्ट, अपघातामुळे; तक्त्यात मोजमाप नाही. कापसाच्या राखणीच्या कामासाठी माणूस कायमचा अक्षम. हमालीसाठीही. शेवटचा प्रश्न होता, अर्जदार कोणतं काम करू शकेल. त्यापुढं तिनं दोनदा काहीतरी लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं.

चोरीची तक्रार बारगळली. त्याच आठवड्यात गुलाबरावांनी दुसरी दिली, इंद्रभानच्या नावानं. त्यांनी मंजुश्रीला फोन करून सांगितलं की त्यांनाही वाईट वाटतं. ते खरंही असावं.

पुण्यानुमोदनाला वडनेरहून टेम्पो भरून माणसं आली. विहारापुढच्या मांडवात जनकाबाईचा फोटो ठेवला होता, मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली. मग इंद्रभान उभा राहिला, एका हातानं मांडवाचा बांबू धरून.

त्यानं सगळं सांगितलं. नाक, डबा, खण, निंब. "जनका चोर नोहती," तो म्हणाला. "ती माह्या वाटचा वास घ्याची." त्याला तिथं थांबता आलं असतं. सळईची गोष्ट मंजुश्रीनं अहवालात घातली नव्हती, कारण न्यायाधिकरणानं ती विचारली नव्हती. आणि रेणुका कुणाला सांगणार नव्हती. पण इंद्रभाननं तीही सांगितली. "गरम लागली मले. तरी गेलो."

मग त्यानं बांबू सोडला.

प्रसेनजित पुढं आला. मंजुश्रीला वाटलं तो मारेल. तिला असंही वाटलं की तो त्याला जवळ घेईल. त्यानं मंजुश्रीकडं वळून विचारलं, "मॅडम, तुमी शिकेल आहात. यानं सकाळीच बोंब मारली असती तं वाचली असती माही बहीन?"

सगळे तिच्याकडं पाहत होते. खोटं बोलायला फार काही लागलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

प्रसेनजितनं मान हलवली. "चोर नोहती, हे आयकाले आलतो. आयकलं." त्यानं बहिणीचा फोटो हारासकट उचलला, छातीशी धरला आणि टेम्पोकडं चालू लागला. वडनेरची माणसं एकेक करून उठली. एका बाईनं जाताना इंद्रभानच्या डोक्यावरून हात फिरवला, पण थांबली तीही नाही.

इंद्रभाननं कुणाला अडवलं नाही. फोटोच्या रिकाम्या जागेपुढं मेणबत्त्या जळत होत्या.

उरलेल्या लोकांसाठी पंगत बसली. स्वयंपाक करणारी मंडळीही मांडवात उभी राहून ऐकत होती, त्या नादात मोठ्या पातेल्यातलं वरण तळाला लागलं होतं. पहिल्या घासालाच सगळ्यांना कळलं. जो तो भाताचा कोरडा भाग वेगळा करून खाऊ लागला, वरण पत्रावळीच्या कडेला सरकत गेलं.

"वाढू का भाऊ अजून?" वाढणाऱ्यानं सवयीनं विचारलं आणि विचारल्यावर चपापला.

"वाढ," इंद्रभान म्हणाला.

त्यानं वरणभात कालवला आणि खाली मान घालून खाऊ लागला, मोठमोठे घास, कामावरून आलेल्या माणसासारखे. पंगतीतली माणसं एकमेकांकडं पाहू लागली. रेणुकानं त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. मंजुश्रीनं तिच्याकडं पाहून मान हलवली, नको.

मग तिनं स्वतःच्या पत्रावळीच्या कडेला सारलेलं वरण भातावर ओढलं आणि ते शेवटपर्यंत खाल्लं.